‘द डिसायपल’ : एका कच्च्या मडक्याची गोष्ट



आपल्या या पानांवर नेहमी ओवीचे, अभंगाचे, कधी एखाद्या ग्रंथाचे चिंतन असते. आज मी एका चित्रपटाविषयी लिहितो आहे. काहींना वाटेल, बुवांना या वयात हे काय सुचले? पण चित्रपटाचे आणि आपल्या संप्रदायाचे वैर कधीच नव्हते. 1936 साली प्रभात कंपनीने काढलेला, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ आपल्या वाडवडिलांनी गाड्या जुंपून जाऊन पाहिला. विष्णुपंत पागनीसांना लोक खरोखर तुकोबा मानून नमस्कार करीत. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, इटलीतल्या व्हेनिस शहरी त्या चित्रपटाचा गौरव झाला. त्यानंतर 83 वर्षांनी, 2020 साली, त्याच व्हेनिसच्या महोत्सवात आणखी एका मराठी चित्रपटाला उत्तम पटकथेचे पारितोषिक मिळाले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. डिसायपल म्हणजे शिष्य. 30 एप्रिल 2021 पासून तो नेटफ्लिक्सवर घरबसल्या पाहता येतो. नातवाने मला तो टीव्हीवर लावून दिला, आणि मी तो दोनदा पाहिला.

हा विषय घेण्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुमच्या ध्यानात राहील. आमचे वळसंग सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि देवापुढे दोन्ही, अशी इकडची रीत. कीर्तन थांबवून मला काही वर्षे झाली, तरी माणसे ओट्यावर येऊन बसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा प्रश्न आता एकच असतो. “बुवा, पोराला आळंदीला घातलं. चार वर्षं झाली. पाठांतर चांगलं आहे, वागणूक चांगली आहे, पण नाव होईना. तारखा मिळेनात. आता काय करावं?” विचारणारा बाप शेतकरी असतो, नाहीतर सोलापूरच्या कारखान्यात रोजाने जाणारा. पोरगा मागे उभा असतो, खाली मान घालून. त्या पोराचा चेहरा आणि या चित्रपटातल्या शरद नेरुळकराचा चेहरा मला एकच वाटला. म्हणून हे लिहिणे.

आधी कथा सांगतो. शरद हा मुंबईचा तरुण, शास्त्रीय गायन शिकणारा. वडिलांनाही गाण्याचे वेड. त्यांचे गाण्यात काही झाले नाही, पण मुलाला त्यांनी लहानपणापासून सुरांना जुंपले. बाहेर पोरे खेळताहेत आणि हा आत तानपुऱ्याशी, असे त्याचे बालपण. पुढे तो विनायक प्रधान नावाच्या वृद्ध गायकाकडे शिकतो. गुरूंचे अंग रगडून देतो, आजारपण काढतो, मैफलीत मागे बसून साथ करतो. गुरूंच्याही गुरू होत्या, त्यांना सगळे माई म्हणतात. माईंनी कधी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. मात्र त्यांच्या बोलण्याच्या काही फिती शरदजवळ आहेत. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून तो मोटारसायकल चालवीत जातो आणि कानात माईंचा आवाज चालू असतो. या वाटेवर यायचे तर एकटे राहायला आणि उपाशी राहायला शिका, श्रोत्यांसाठी गाऊ नका, अशा आशयाचे ते बोलणे आहे.

शरद ते सगळे पाळतो. रियाज करतो. पोटासाठी जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांचे काम करतो. स्पर्धेत गातो आणि हरतो. वर्षे जातात. विशीतला मुलगा चाळिशीच्या उंबरठ्यावर येतो. शाळेत गाणे शिकवू लागतो. परप्रांतातली एक साधी मुलगी टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेत येते आणि बघता बघता झगमगाटात जाऊन पार बदलते, ते तो रात्री बसून पाहत राहतो. आपल्या गाण्याखाली लोकांनी काय लिहिले आहे तेही वाचत बसतो. शेवटी एके दिवशी भर मैफलीत गाणे थांबवून तो उठतो. चित्रपट संपताना त्याला बायको आहे, लेकरू आहे, आणि जुनी दुर्मिळ ध्वनिमुद्रणे लोकांपर्यंत पोचवण्याचा धंदा आहे. तो गायक झालेला नाही.

एवढीच कथा. खलनायक नाही, मारामारी नाही, शेवटी टाळ्यांचा कडकडाट नाही.

आता आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेल्या एका गाण्याच्या कथेशी तिची तुलना करून पाहू. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यांची मुलगी झरीना झाली होती आपल्या सोलापूरची फैय्याज. 2015 साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि तो खेड्यापाड्यांत पोचला. त्या कथेतही महत्त्वाकांक्षा आहे. दरबारी गायकाचे पद आणि एक खून माफ असलेली कट्यार, या दोन्हींपायी एक थोर गायक स्वतःला विसरतो. पण तिथे महत्त्वाकांक्षा बाळगणारा आणि तिच्याशी झुंजणारा, दोघेही सिद्ध गळ्याचे. प्रश्न एवढाच की गळा अहंकाराला वाहायचा की सुराला. पाहणारा सुखावून घरी जातो, कारण शेवटी सूर जिंकतो.

‘द डिसायपल’ याच्या पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न विचारतो. गळाच जर मध्यम निघाला तर? सेवा खरी, कष्ट खरे, निष्ठा खरी, आणि तरीही देणगी तेवढी नाही, असे असेल तर त्या माणसाने काय करायचे? गाण्यावरच्या बहुतेक कथा हा प्रश्न टाळतात. कष्ट केले की फळ मिळते, असे सांगून मोकळ्या होतात. आपण कीर्तनकारही दृष्टांतात तेच सांगतो. या चित्रपटाने तसे खोटे आश्वासन दिले नाही, याबद्दल मी ताम्हाण्यांना पहिला नमस्कार करतो.

दुसरा नमस्कार त्यातल्या खरेपणाला. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः शिकलेले गायक आहेत. गुरू झालेले डॉ. अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. त्यामुळे तानपुरा कसा धरावा, गुरू चुकीवर कसा थांबवतो, साथीला बसलेला शिष्य स्वर केव्हा घेतो आणि केव्हा गिळतो, हे सगळे जसेच्या तसे आहे. आपल्याकडे चित्रपटांत कीर्तनकार दाखवतात तेव्हा टाळ कोणत्या हातात कसा धरायचा हेही अनेकांना ठाऊक नसते, हे तुम्ही पाहिलेच असेल. माईंचा आवाज दिला आहे दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांनी. हा चित्रपट घरोघर दिसू लागला त्याच्या अकरा दिवस आधी, 19 एप्रिल 2021 रोजी, त्या गेल्या. तो आवाज ऐकताना हे आठवते आणि मन जड होते.

एक सूचना मात्र करून ठेवतो. यातले काही प्रसंग सगळ्या घराने एकत्र बसून पाहण्याजोगे नाहीत. लेकरे झोपल्यावर पाहावा.

आता जिथे माझे आणि चित्रपटाचे, किंवा चित्रपटातल्या माणसांचे, जुळत नाही तिकडे वळतो.

पहिली गोष्ट माईंच्या वाणीची. ती वाणी ऐकताना प्रथम वाटते की हे तर संतवचनच. लौकिक सोडा, मान सोडा, आत वळा. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अमानित्वाचे लक्षण सांगताना दाखवले आहे की व्याधाने कोंडलेले हरिण किंवा भोवऱ्यात सापडलेला पोहणारा जसा कासावीस व्हावा, तसा ज्ञानी पुरुष सन्मानाने कासावीस होतो. माईंचे बोलणे याच वळणाचे वाटते. पण नीट ऐका. माई सांगतात काय सोडायचे. कोणाला धरायचे ते त्या शरदला सांगत नाहीत, निदान त्याच्या कानांपर्यंत ते पोचत नाही. श्रोते सोडले, घर सोडले, पैसा सोडला. मग गायचे कोणापुढे? ज्ञानोबांच्या विरक्तीत पुढे विठ्ठल उभा आहे आणि शेजारी संतांचा मेळा आहे. शरदच्या विरक्तीत रिकामा रस्ता आहे आणि कानात यंत्र. मान सोडायला निघालेल्या माणसाच्या मनात मानाखेरीज काही उरत नाही, कारण त्या जागी ठेवायला त्याला काही दिलेलेच नाही. म्हणूनच श्रोत्यांची पर्वा करू नये हे पाठ असलेला शरद रात्री श्रोत्यांचे बोल वाचत जागतो. मला हे त्याचे ढोंग वाटले नाही. ती त्याची भूक आहे. माईंनी उपास सांगितला, पण फराळाचे काही सांगितले नाही.

दुसरी गोष्ट गुरूंची. विनायकबुवा प्रामाणिक आहेत, गरीब आहेत, विद्येत चोख आहेत. शिष्याला ते टोकतात, घाई करतोस म्हणतात, मन अस्थिर आहे म्हणतात. पण वर्षानुवर्षे जवळ असलेल्या या मुलाचे पुढे काय होणार, हे बोलायची वेळ ते येऊ देत नाहीत. इथे मला तेरची आठवण झाली. तेर आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले. तिथे गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईने विचारले, काका, हे थापटणे कशाचे? काका म्हणाले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर ते थापटले. सगळे शांत बसले. नामदेवराय तेवढे चिडले. काकांनी सांगून टाकले, हे मडके कच्चे.

ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली. पण तिचे दोन भाग असतात हे आपण विसरतो. पहिला भाग, कच्चे असल्याचे तोंडावर सांगणे. तेही कोणाला? प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्या हातचे जेवतो त्या नामदेवाला. आणि दुसरा भाग, भट्टी दाखवणे. नामदेवराय रडत पंढरीला गेले तेव्हा देवाने त्यांची समजूत घालून परत पाठवले नाही. विसोबा खेचरांकडे पाठवले. शिवालयात पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या त्या म्हाताऱ्याने नामदेवांचे उरलेसुरले कच्चेपण भाजून काढले. ज्याला भर सभेत कच्चे म्हटले, त्याची 61 पदे आज शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबात घुमानला त्याचे स्थान आहे.

भट्टी न दाखवता नुसते कच्चे म्हणणे हा क्रूरपणा आहे. आणि कच्चे आहे हे कळत असून न सांगणे हाही क्रूरपणाच, फक्त गोड. विनायकबुवांच्या घरी या दोहोंच्या मधली वाट शरदला सापडली नाही. मग त्याला कच्चे म्हणणारा भेटला तो एक जाणकार संग्राहक. तो माईंविषयी आणि बुवांविषयीही न ऐकवणाऱ्या गोष्टी मजेत सांगतो, आणि शरद हातातला पेला त्याच्या अंगावर रिकामा करतो. तो प्रसंग पाहताना माझ्या मनात आले, सत्य दोघांकडेही होते, फरक हेतूचा. गोरोबांच्या थापटण्यामागे नामदेवाचे हित होते. या गृहस्थाच्या बोलण्यामागे स्वतःचे शहाणपण होते. ज्याच्या सांगण्यात आपल्याविषयी माया नाही, त्याच्याकडून स्वतःची परीक्षा करून घेऊ नये. आज जो तो हातातल्या मोबाईलवर दुसऱ्याच्या गाण्याची, कीर्तनाची परीक्षा करतो आहे, तेव्हा हे तरुणांना सांगणे जरूर आहे.

आणि पुढे तेच चक्र फिरते. शरद शिक्षक झाल्यावर एका विद्यार्थ्याची आई येऊन विचारते, मुलाला नव्या पद्धतीच्या वाद्यवृंदात गायचे आहे, चालेल का? शरद तिला थंडपणे तोडून टाकतो. ज्याला स्वतःला माया मिळाली नाही, त्याच्या हातून दुसऱ्याला शिस्त तेवढी दिली जाते. दिग्दर्शकाने हे एका शब्दाचीही टीका न करता दाखवले आहे. या ठिकाणी चित्रपट फार मोठा होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्रपट आपल्याला विचारतो, गाता येत नसेल तर काय? त्याच्या जगात याचे उत्तर फार तोकडे आहे. मैफलीत एक गाणारा, दोन साथीदार, बाकी ऐकणारे. व्यासपीठावर जागा एकाची. ती मिळाली नाही की माणूस बाहेर. शास्त्रीय गायनाला दोष देण्याचा हेतू नाही. त्या विद्येला गळा लागतो, बुद्धी लागते, आणि तिथे मध्यमाला उत्तम म्हणणे हा विद्येचा अपमान होईल. पण माउली, आपल्या ज्ञानोबा-तुकोबांनी गाण्याची जी व्यवस्था लावून दिली ती पाहा.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, रात्रंदिवस, कोणीतरी ती गळ्यात घालून उभे असते. पहारे वाटून घेतलेले असतात. मध्यरात्रीनंतरचा पहारा कोणाचा असतो? ज्याला षड्ज-पंचम ठाऊक नाही अशा माणसाचा. दिवसभर तुरीच्या रानात राबलेला गडी हातपाय धुऊन येतो, वीणा गळ्यात घेतो आणि दोन तास उभा राहून नाम घेतो. त्याचे तुणतुणे सुरात आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. पण त्याने वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडतो. पहाटे काकड्याला येणाऱ्या गायकाचा सूर ज्या धाग्यावर उभा असतो, तो धागा रात्रभर याने धरून ठेवलेला असतो.

दिंडीतही तसेच. पताका धरणारा, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेली माय. यांत गाता येणारे किती? एक चाल सांगतो, बाकीचे धरतात. आमच्या गावात अशा म्हाताऱ्या होत्या की ज्यांना मराठी धड बोलता येत नसे. कानडी हेलात त्या हरिपाठ म्हणत, आणि शब्द चुकला तरी ठेका चुकत नसे. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटल्यावर कामगार भजनाला येत. यंत्राच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे बधिर झालेले, सूर लागणार कुठून? पण टाळ अचूक पडे. यांच्यातल्या कोणालाही आपण हरलो असे कधी वाटले नाही, कारण गाणे त्यांच्या मालकीचे नव्हतेच. जे आपले नाही त्यात हरायचे कसे?

शरदचे दुःख याच्या नेमके उलट आहे. गाणे हे त्याचे ‘स्व’ आहे. म्हणून गाणे गेले की तो गेला. स्वतःचा शोध घ्यायला निघालेला माणूस बहुधा स्वतःची प्रतिमा शोधत असतो. संतांनी सांगितलेला शोध वेगळा. नामदेवरायांनी देवाकडे काय मागितले? राऊळाच्या दाराची पायरी होणे. एवढा मोठा कीर्तनकार, आणि त्याची महत्त्वाकांक्षा काय, तर येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय लागावेत. नामदेव पायरीवर डोके टेकवताना आपण हे मनात आणले तर निम्मे दुखणे तिथेच उतरेल.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बुवांनी बरे केले, मैफलवाल्यांना नावे ठेवली आणि आपला झेंडा उंच केला. तसे नाही. आरसा दुसऱ्याच्या घरातला असला तरी तोंड आपलेच दिसते. प्रभातच्या ‘संत तुकारामा’तला सालोमालो आठवा. तो कीर्तनकारच होता ना? दुसऱ्याच्या अभंगावर आपली मुद्रा लावून मिरवणारा. आज सप्ताहाच्या फलकाजवळ उभे राहा. विठ्ठलाचे चित्र केवढे आणि महाराजांचे केवढे, ते मोजा. कोणाची तारीख किती महाग, कोणाच्या कीर्तनाला मोबाईलवर किती लोकांनी पाहिले, यावर पारावर चर्चा होते. कीर्तन केले त्या ठिकाणी जेवू नये, द्रव्य घेऊ नये, असा तुकोबांचा दंडक. तो पाळणारे अजून आहेत, आणि त्यांना माझे दंडवत. पण ते फलकावर दिसत नाहीत. ‘द डिसायपल’मधली टीव्हीच्या झगमगाटात हरवलेली ती मुलगी आपल्याही अंगणात उभी आहे, फक्त तिच्या अंगावर पांढरा सदरा, डोक्यावर फेटा आणि कपाळी बुक्का आहे.

म्हणून आळंदीहून परतलेल्या पोराच्या बापाला मी जे सांगतो ते इथे लिहितो. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती नाव काढणारे कीर्तनकार तयार करण्याचा कारखाना म्हणून नाही. गावोगावच्या देवळांत ज्ञानेश्वरी वाचून सांगणारा, हरिपाठ शिकवणारा, चुकीच्या चालीला हळूच बरोबर करणारा माणूस असावा, म्हणून. त्या चार वर्षांत पोराने जे पाठ केले ते तारखा मिळाल्या नाहीत म्हणून वाया जात नाही. त्याने शेती करावी, दुकान टाकावे, लग्न करावे, आणि संध्याकाळी देवळात दहा पोरांना टाळ धरायला शिकवावे. आपल्याकडे गृहस्थाश्रम म्हणजे हरलेल्याचा मुक्काम नव्हे. तुकोबा गृहस्थ, नाथबाबा गृहस्थ, गोरोबाकाका चाकावर बसून मडकी घडवणारे. पोटाचा उद्योग आणि नाम यांत आपल्या संतांनी भिंत घातली नाही.

आणि त्या पोराला एक वेगळे सांगतो, बाप नसताना. पोरा, तुझ्या गुरूला जाऊन स्पष्ट विचार, माझे मडके कसे आहे? उत्तर ऐकायची तयारी ठेव. कच्चे म्हणाले तर पुढचा प्रश्न विचार, भट्टी कुठे आहे? ज्याला या दोन्हींचे उत्तर देता येते तो गुरू. ज्याला पहिल्याचेच देता येते तो परीक्षक. आणि जो एकाचेही देत नाही, नुसती सेवा घेतो, त्याचे पाय दाबून दे, पण आयुष्य त्याच्या हाती देऊ नकोस.

शेवटी चित्रपटाच्या शेवटाविषयी. मुंबईच्या लोकलगाडीत शरद बायको-मुलासह बसला आहे. डब्यातून एक गाणारा येतो, हातात साधे तंतुवाद्य. अंगावर धड कपडे नाहीत, कोणत्या घराण्याचा पत्ता नाही. तो गात गात डब्यातून पुढे सरकतो. लोक आपापल्या नादात आहेत. शरद ऐकतो. आणि चित्रपट तिथे संपतो.

यावर बरेच बोलता येईल. कोणी म्हणेल, शरदला शेवटी आपली हार दिसली. ज्याने काहीच सोडले नाही, ज्याने कधी माईंचे नावही ऐकले नाही, त्याच्या गळ्यात ते सहज होते जे याला जन्मभर मिळाले नाही. हा अर्थ निघतो, आणि दिग्दर्शकाच्या मनातही कदाचित हाच असेल. मला मात्र दुसरा दिसला. इतकी वर्षे शरद जेव्हा जेव्हा गाणे ऐकतो तेव्हा त्याच्या कपाळावर आठी असते. हा आपल्यापेक्षा चांगला का, आपण याला केव्हा गाठू, लोक याला काय म्हणतील. डब्यातल्या त्या गाणाऱ्याशी स्पर्धाच होऊ शकत नाही. त्याला ना पारितोषिक आहे ना नाव. त्यामुळे कदाचित पहिल्यांदाच शरदला नुसते ऐकता आले असेल. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली पायरी आहे, कीर्तन दुसरी. आपण सारे दुसरीवर उडी मारायला बघतो. शरदला जन्मभर दुसरी साधली नाही, आणि पहिली कोणी शिकवली नव्हती. लोकलच्या त्या डब्यात तो पहिलीवर पाऊल ठेवतो, असे मला वाटले.

चित्रपट हे म्हणत नाही. तो गप्प राहतो, आणि गप्प राहण्याचा त्याला अधिकार आहे. पण आपण वारकरी आहोत. आपल्याला तिथे गप्प राहता येत नाही. आपल्या घरात, गावात, दिंडीत असे शरद आहेत. कोणी गाण्यात राहिला, कोणी कीर्तनात, कोणी परीक्षेत, कोणी खेळात. त्यांना ‘अजून कष्ट कर’ म्हणणे सोपे आणि ‘तुझ्याच्याने होणार नाही’ म्हणणे त्याहून सोपे. त्यांच्या हाती टाळ देऊन ‘ये, रांगेत उभा राहा, तुझ्या शेजारची जागा माझी’ असे म्हणणे मात्र आपल्या हातात आहे.

येत्या वारीत तुमच्या दिंडीत एखादा तरुण मागे मागे राहून चालताना दिसला, तर त्याचे नाव किती झाले हे विचारू नका. पहाटेच्या पहाऱ्याला वीणेसाठी माणूस कमी पडतो आहे, एवढेच त्याला सांगा.

रामकृष्णहरी.